दोन पीएनआरच्या मधल्या फटीत गेलेले पैसे

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"स.न.वि.वि. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते. नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे मी, हे आणि सासूबाई-सासरे, दार्जिलिंग आणि कोलकाता करून आलो. भाच्याने एका वेबसाइटवर 'मल्टी-सिटी'मध्ये शोधून पुणे–दिल्ली–बागडोगरा आणि परतीचं कोलकाता–पुणे अशी तिकिटं काढली. ९,२०० रुपये वाचले म्हणून मीच त्याची पाठ थोपटली. पुण्याचं विमान पावणेदोन तास उशिरा निघालं. दिल्लीत दोन पंचावन्नला उतरलो, पुढचं विमान तीन पन्नासचं, तेही दुसऱ्या कंपनीचं आणि दुसऱ्या टर्मिनलवरून. बॅगा घेऊन पोचलो तर काउंटर केव्हाच बंद. पहिली कंपनी म्हणते पुढच्या विमानाशी आमचा संबंध नाही. दुसरी म्हणते तुम्ही 'नो-शो', तिकीट गेलं. दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटं ३४,४०० रुपयांना घेतली. रात्र दिल्लीत काढली, दार्जिलिंगच्या हॉटेलचे एका रात्रीचे पैसे बुडाले. येताना तर कळसच झाला. कोलकात्याचं संध्याकाळी साडेपाचचं विमान रद्द, त्याचा मेसेज आदल्या रात्री पावणेदहाला भाच्याच्या मोबाइलवर, आणि आम्हाला न विचारता उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात टाकलं. पुन्हा हॉटेल, ६,२०० रुपये. वर सासूबाईंच्या बॅगेत चहाची पाकिटं, तीन किलो जास्त, त्याचे वेगळे पैसे. आता घरात रोज 'स्वस्तात नेलं की असंच व्हायचं' हे ऐकतेय. यातलं काही परत मिळेल का? आणि मे महिन्यात बँकॉक–क्वालालंपूर ठरतंय. ते अशाच सुट्या तिकिटांनी करावं, की मुकाट्याने टूरबरोबर जावं?"

ताई,

आधी वाईट बातमी सांगून मोकळा होतो. बागडोगऱ्याच्या नव्या तिकिटांचे ३४,४०० रुपये परत मिळतील अशी आशा ठेवू नका. कोलकात्याच्या प्रकरणात मात्र तुमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि तुम्ही ते पत्राच्या शेवटी चहाच्या पाकिटांशेजारी ठेवून दिलंत. गंमत अशी की मनस्ताप पहिल्या प्रसंगाचा जास्त आणि हक्क दुसऱ्यात जास्त.

पहिल्या प्रसंगात दोन्ही कंपन्या हात झटकून मोकळ्या कशा झाल्या, ते आधी बघू. भाच्याने पैसे एकदाच भरले, बुकिंग आयडी एकच आला, एकच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यामुळे हे एक तिकीट आहे असं तुम्हाला वाटलं, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण तीच पीडीएफ आता पुन्हा उघडा. पुणे–दिल्लीसमोर एक पीएनआर दिसेल, दिल्ली–बागडोगऱ्यासमोर दुसरा. पीएनआर वेगळे म्हणजे करार वेगळे. पहिल्या कंपनीने तुम्हाला दिल्लीला पोचवायचं कबूल केलं होतं, बागडोगऱ्याला नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही पुण्याहून आलात की करोल बागेतून, याला काही अर्थ नाही. काउंटर बंद होताना चार प्रवासी आले नव्हते, एवढीच त्यांच्याकडे नोंद. वेबसाइटने दोन कंपन्यांची दोन स्वस्त तिकिटं शेजारी ठेवून तुम्हाला एक प्रवास म्हणून दाखवली. असल्या जोडणीला हल्ली 'सेल्फ ट्रान्स्फर' म्हणतात आणि तो शब्द पानावर कुठेतरी बारीक अक्षरात असतो.

आता नियम. विमानाला उशीर झाला, ते रद्द झालं किंवा तिकीट असून चढू दिलं नाही, तर कंपनीने काय द्यायचं हे डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, नियमावलीत (विभाग ३, मालिका एम, भाग ४) लिहिलेलं आहे. पुणे–दिल्लीसारखं अडीच तासांच्या आतलं उड्डाण असेल, तर दोन तासांच्या उशिरानंतर खाण्यापिण्याची सोय करावी लागते. सहा तासांच्या वर उशीर जाणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवडायची संधी द्यावी लागते. तुमचा उशीर पावणेदोन तासांचा. म्हणजे सामोशाचासुद्धा हक्क लागू होत नाही. कागदोपत्री त्या दिवशी पुण्यात काही घडलंच नाही!

पुढचं विमान चुकल्याबद्दलचं संरक्षणही याच नियमावलीत आहे, पण विमान रद्द झालं तर, आणि दोन्ही उड्डाणं एकाच तिकीट क्रमांकावर असतील तर. शिवाय एकाच पीएनआरवर असता तर नियमाचं पुस्तक न उघडताही कंपनीने तुम्हाला पुढच्या उपलब्ध विमानात बसवलं असतं, कारण बागडोगऱ्याला पोचवणं ही तिचीच जबाबदारी राहिली असती. बॅगाही पुण्यातच बागडोगऱ्यापर्यंतचा टॅग लावून गेल्या असत्या, दिल्लीच्या बेल्टवर उभं राहावं लागलं नसतं. तेव्हा ते ९,२०० रुपये म्हणजे सवलत नव्हती. जोडविमान चुकण्याची जोखीम कंपनीकडून तुम्ही स्वतःकडे घेतलीत, त्याचा तो मोबदला होता. एवढ्या मोबदल्यात, नाताळच्या गर्दीत आणि दोन ज्येष्ठ बरोबर असताना, ही जोखीम घेण्यासारखी नव्हती असं माझं मत.

आपल्या रेल्वेने याबाबतीत बरं काम केलंय, हे जाता जाता सांगतो. १ एप्रिल २०१९पासून दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांना जोडता येतात, आणि पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. दोन वेगळ्या विमान कंपन्यांच्या सुट्या तिकिटांना अशी सोय नाही. रेल्वेची सवय असलेला माणूस इथेच फसतो.

वेळेचा हिशोबही एकदा मांडू, मे महिन्यासाठी उपयोगी पडेल. मूळ वेळापत्रकात तुमच्या हातात दोन तास चाळीस मिनिटं होती. ऐकायला भरपूर. पण देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतात, म्हणून उरली एक तास चाळीस. विमानातून उतरून बॅगा हातात पडेपर्यंत अर्धा तास सहज जातो. दिल्लीचं टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत. बाहेर पडायचं, शटल किंवा टॅक्सी धरायची, दारावर पुन्हा ओळखपत्र दाखवायचं. सासऱ्यांच्या चालीने पाऊण तास धरा. म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी तुमच्याकडे जेमतेम पंचवीस मिनिटांची सवड होती. प्रत्यक्षात तुम्ही दोन पंचावन्नला उतरलात आणि दोन पन्नासला काउंटर बंद झालं होतं. त्या दिवशी दिल्लीत कितीही पळापळ केली असती तरी उपयोग नव्हता. सासूबाईंना पळवलं म्हणून वाईट वाटून घेत असाल, तर तेवढं तरी मनातून काढा.

उपाय होता तो पुण्यात, उशिराची घोषणा झाली त्या घडीला. तेव्हाच दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तिकीट पुढच्या दिवसावर ढकलायचं. विमान सुटण्याच्या ठरावीक तास आधीपर्यंत हे करता येतं. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा लागतो, पण मूळ भाडं जिवंत राहतं. एकदा नो-शो लागला की ते शून्य होतं. उशिराची पाटी लागली की बहुतेक जण 'बघू, पोचू कदाचित' म्हणत बसून राहतात, आणि त्या आशेपायी बदलाची मुदत निघून जाते.

आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जोडविमान? माझ्या मते जिथे टाळता येईल तिथे टाळावंच. स्वस्त कंपन्यांचं एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या मारतं, दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची उसंत. पहाटेच्या धुक्यात दिल्लीत एक फेरी अडकली की तो उशीर दिवसभर गावोगाव फिरतो. 'येणारं विमानच उशिरा आलं' असं पुण्यात सांगतात ते बहुधा खरंच असतं. सकाळचं पहिलं विमान घ्या हा सल्ला वर्षभर चांगला, फक्त या दोन महिन्यांत दिल्लीपुरता उलटा पडतो. हिवाळ्यात बागडोगऱ्याला जायचं तर कोलकात्यामार्गे जावं. नाहीतरी कोलकाता तुमच्या यादीत होतंच. दोन दिवस तिथे आधी काढून मग वर गेला असता, तर दोन विमानांच्या मध्ये आपोआप दोन रात्री आल्या असत्या.

तर बागडोगऱ्याच्या बुडालेल्या तिकिटांतून काय निघेल? कर आणि विमानतळ शुल्क. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असो, तुम्ही नो-शो असा, सरकारी कर आणि विमानतळाचं प्रवासी शुल्क प्रवाशाला परत द्यावंच लागतं, हा डीजीसीएचा परताव्याचा नियम आहे. रक्कम मोठी नसेल, पण चार तिकिटांची आहे आणि मागितल्याशिवाय ती क्वचितच येते. तिकिटातली भाड्याची फोड बघा आणि कर-शुल्काचे पैसे नाव घेऊन मागा.

वेबसाइटशीही दोन शब्द बोला. पैसे भरण्याआधी ही दोन स्वतंत्र तिकिटं आहेत, विमान चुकलं तर संरक्षण नाही, टर्मिनल बदलावं लागेल, हे स्पष्ट दाखवलं होतं का? भाच्याला तोच शोध पुन्हा करायला लावा आणि प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. सूचना ठळक असेल तर तो विषय सोडून द्या. नसेल, तर तुमची तक्रार विमान कंपनीविरुद्ध नाही, वेबसाइटविरुद्ध उभी राहते.

आता कोलकाता. इथे नियम स्पष्ट आहे. विमान रद्द करायचं तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवायचं. त्यानंतर पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं, तर प्रवाशाला मान्य होईल असं पर्यायी विमान किंवा परतावा द्यायचा. त्याहूनही उशिरा कळवलं, तर मान्य होईल असं पर्यायी विमान, नाहीतर पूर्ण परतावा आणि वर भरपाई. उड्डाणाचा वेळ दोन तासांहून जास्त असेल तर भरपाई माणशी १०,००० रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. कोलकाता–पुणे या गटात बसतं. रात्री पावणेदहाचा मेसेज आणि दुसऱ्या संध्याकाळी साडेपाचचं विमान, म्हणजे जेमतेम वीस तास आधी. मुदत चुकलेली आहे.

पण तीन ठिकाणी कंपनी तुम्हाला अडवेल. पहिलं म्हणजे तुम्ही पर्यायी विमानाने आलात. नियमातला 'किंवा' इथे त्यांच्या कामाचा आहे: पर्याय घेतलात, मग भरपाई कसली? यावर तुमचं उत्तर असं की पर्याय 'मान्य' होता का हे कोणी विचारलंच नाही. न विचारता एक रात्र पुढच्या विमानात टाकलं, आणि दोन ज्येष्ठांना घेऊन परक्या शहरात दुसरा इलाज नव्हता. दहा हजार हमखास मिळतील असं मी म्हणणार नाही, पण हॉटेलच्या ६,२०० रुपयांचा प्रत्यक्ष खर्च मागायला ही बाजू पुरेशी आहे. दुसरं, संपर्क. बुकिंग करताना प्रवाशाने पुरेशी संपर्क-माहिती दिली नसेल तर भरपाई देय नाही, असं नियमच म्हणतो. इथे भाच्याचा नंबर चालू होता आणि त्याने मेसेज वाचला, म्हणून तुम्ही वाचलात. पुढच्या वेळी तिकीट कोणीही काढो, मोबाइल नंबर आणि ईमेल प्रवास करणाऱ्याचा. तिसरं म्हणजे कारण. नैसर्गिक आपत्ती, हवामान, हवाई नियंत्रण, सुरक्षेचा धोका, संप असल्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाईतून सूट आहे. तुम्हाला आलेल्या मेसेजमध्ये नुसतं 'ऑपरेशनल' असं लिहिलं असेल, तर ते या यादीत नाही. नेमकं कारण लेखी मागा.

तक्रार कुठून सुरू करायची? कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल, फोन नको. फोनवर कबूल केलेलं कोणी पाळत नाही. उत्तर न आल्यास किंवा साचेबद्ध आल्यास त्याच कंपनीचा नोडल अधिकारी आणि त्यावरचा अपील अधिकारी. त्यांचे पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर असतात. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल, तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ हीदेखील कंपनीपर्यंत तक्रार नेते. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी तुम्हाला दिल्लीला जायचं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे, म्हणजे साताऱ्यातच, तक्रार दाखल करता येते. एवढ्या रकमेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं.

मेलमध्ये चिडचिड नको. पीएनआर, तारीख, मूळ वेळ, मेसेजची वेळ स्क्रीनशॉटसकट, हॉटेलचं बिल, मागणीची रक्कम आणि उत्तरासाठी पंधरा दिवस. तुम्ही शिक्षिका आहात, मुद्देसूद लिहिणं तुम्हाला जमेल. बागडोगरा आणि कोलकाता एकाच मेलमध्ये मात्र घालू नका. कंपन्या वेगळ्या असतील तर ते उघडच आहे, पण एकच असली तरी कमकुवत दाव्याला उत्तर देऊन भक्कम दावा बाजूला सारणं त्यांना फार सोपं जातं.

चहाच्या तीन किलोंचं विसरा. पंधरा किलोंची मर्यादा तिकिटावर लिहिलेली होती. जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं की स्वस्त पडतं, काउंटरवर महाग. किंवा सासऱ्यांच्या बॅगेत सरकवायचं, तिथे जागा असणार.

घरच्यांबद्दल. 'स्वस्तात नेलं की असंच' हे वाक्य अर्धवट आहे, कारण कोलकात्याचं विमान रद्द झालं ते तुम्ही स्वस्त तिकीट घेतलं म्हणून नाही. महागड्या तिकिटाचं विमानही तसंच रद्द होतं. तुमच्या निवडीमुळे झालं ते फक्त दिल्लीतलं. तेवढं मान्य करा आणि बाकीचं मान्य करू नका. शिवाय पैसे वाचले तेव्हा ते सगळ्यांचे होते, बुडाले तेव्हा तुमच्या एकटीचे, हा हिशोब मला पटत नाही. यजमानांना तक्रारीचे मेल लिहायला बसवा. एअरसेवाचा फॉर्म भरताना माणूस टोमणे मारायचं विसरतो.

मे महिन्याचं ठरवू. टूरबरोबर गेलात तर विमान चुकण्याची काळजी त्यांची, आणि सासू-सासरे बरोबर येणार असतील तर माझा कौल तिकडेच. तुम्ही दोघंच असाल तर स्वतः जा, पण तिकिटांची रचना बदला. मोठी दोन उड्डाणं, मुंबई–बँकॉक आणि क्वालालंपूर–मुंबई, ही एका पीएनआरवर मिळतात का बघा. मधला बँकॉक–क्वालालंपूर टप्पा सुट्या स्वस्त तिकिटावर चालेल, कारण तो चुकला तरी त्या दिवशी पुढचं काही अवलंबून नाही. अट एकच: क्वालालंपूरला परतीच्या आदल्या दिवशी तरी पोचलेलं असायचं, त्याच दिवशी नाही. सगळं एका पीएनआरवर असेल तर मधला कुठलाही टप्पा परस्पर सोडू नका. अनेक कंपन्या एक टप्पा सोडला की पुढचे सगळे रद्द करतात.

परदेशात सुट्या तिकिटांची जोडणी आणखी जाचक असते. बॅगा घ्यायला इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथल्या प्रवेशाचे नियम तुम्हाला लागू. बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, शहराच्या दोन टोकांना. स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं डॉन मुआंगहून सुटतात. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघून घ्या: सुवर्णभूमी बीकेके, डॉन मुआंग डीएमके (हो, तामिळनाडूतल्या पक्षासारखाच). क्वालालंपूरला स्वस्त कंपन्यांचं घर टर्मिनल २ आहे, टर्मिनल १ला जायला मधे रेल्वे घ्यावी लागते. प्रवास विमा घेणार असाल तर 'मिस्ड कनेक्शन'चं कलम वाचा; सुट्या तिकिटांना ते लागू आहे का आणि किती तासांच्या उशिरानंतर, हे दोन प्रश्न विमा कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

आणि बोर्डिंग पास असतील तर आजच त्यांचे फोटो काढा. विमानतळावरचा तो कागद काही महिन्यांत कोरा होतो.